शेवटच्या पानानंतरची पाने

१४ जून १९९८, सॉल्ट लेक सिटी. एनबीएच्या अंतिम फेरीचा सहावा सामना. शिकागो बुल्स एका गुणाने मागे आहेत. मायकेल जॉर्डन युटा जॅझच्या ब्रायन रसेलला चकवतो, जागीच थांबतो, उडी घेतो आणि चेंडू बास्केटमध्ये जातो. घड्याळात ५.२ सेकंद उरलेले असतात. शिकागो ८७-८६ असा सामना जिंकतो आणि आठ वर्षांत सहाव्यांदा विजेता ठरतो. या फटक्याचे एक छायाचित्र जगभर पोचले आहे. चेंडू अजून हवेत आहे, पण बास्केटमागे बसलेल्या युटाच्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर पराभव आधीच उतरला आहे.

जॉर्डनच्या बहुतेक चाहत्यांच्या लेखी गोष्ट इथे संपते. कादंबरीकाराने रचावा असा हा शेवट आहे: परका गाव, शेवटचे क्षण, शेवटचा फटका, हवेत तसाच थांबलेला हात. अडचण एवढीच, की हा माणूस त्यानंतर आणखी १४२ सामने खेळला. १९९९च्या जानेवारीत त्याने दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली. वर्षभराने तो वॉशिंग्टन विझार्ड्स या संघात भागीदार आणि व्यवस्थापक म्हणून गेला. २००१च्या सप्टेंबरमध्ये मालकीचा हिस्सा सोडून, वयाच्या ३८व्या वर्षी, त्याच संघाची जर्सी घालून तो पुन्हा मैदानात उतरला. दोन हंगाम खेळला. दोन्ही हंगामांत संघाने ३७ सामने जिंकले, ४५ हरले आणि बाद फेरी एकदाही गाठली नाही.

या दोन वर्षांविषयी चाहत्यांना विचारले, तर उत्तर बहुधा एकच येते: ती धरायची नाहीत. आपल्याकडे मुलांच्या खेळात एखाद्या लहानग्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेतात. तो धावतो, पकडला जातो, पण त्याचे बाद होणे मोजत नाहीत. बास्केटबॉलच्या इतिहासातल्या बहुधा सर्वांत थोर खेळाडूला त्याच्या चाहत्यांनी अखेरच्या दोन वर्षांसाठी कच्चं लिंबू करून टाकले आहे. हे प्रेमापोटीच घडले आहे, यात शंका नाही. प्रश्न असा आहे, की प्रेमाने केलेल्या या कापाकापीत नेमके काय जाते, आणि ती कोणासाठी केली जाते.

कोणत्या गोष्टी वगळल्या जातात ते आधी पाहू. शिकागोच्या हंगामांअखेर जॉर्डनची कारकिर्दीची सरासरी सामन्यामागे ३१.५ गुण होती. वॉशिंग्टनमध्ये पहिल्या हंगामात ती २२.९ आणि दुसऱ्यात २०.० झाली. एकूण सरासरी ३०.१ वर आली आणि विल्ट चेंबरलेनपुढे तो जेमतेम राहिला, तोही दशांशाच्या दुसऱ्या स्थानावर. उजव्या गुडघ्याने पहिल्या हंगामात दगा दिला, शस्त्रक्रिया झाली, २२ सामने हुकले. २७ डिसेंबर २००१ रोजी इंडियानाविरुद्ध त्याला फक्त सहा गुण करता आले. सलग ८६६ सामन्यांत किमान दहा गुण करण्याची मालिका त्या रात्री तुटली. ‘धरायची नाहीत’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे आकडे असतात.

पण याच पानांवर आणखीही काही लिहिलेले आहे. त्या सहा गुणांनंतर दोनच दिवसांनी त्याने शार्लटविरुद्ध ५१ गुण केले. २००३च्या फेब्रुवारीत चाळिशी पूर्ण झाल्यावर चारच दिवसांनी न्यू जर्सीविरुद्ध ४३ केले. चाळीस वर्षांच्या खेळाडूने चाळीस गुण करण्याची ती पहिलीच वेळ होती. दुसऱ्या हंगामात तो ८२च्या ८२ सामने खेळला. आणि जो संघ तो येण्यापूर्वीच्या हंगामात फक्त १९ सामने जिंकला होता, तो ३७पर्यंत गेला. दुसऱ्या कोणाच्या नावावर ही दोन वर्षे असती, तर त्यांना उत्तम म्हटले गेले असते. जॉर्डनच्या नावावर असल्यामुळे ती ऱ्हासाची ठरली. ऱ्हास हा शब्द नेहमी कुठल्या तरी आधीच्या पाठाशी तुलना करून येतो, आणि तो पाठ कोणता घ्यायचा हे वाचणारा ठरवत असतो.

या ठरवण्याची सर्वांत प्रभावी नोंद म्हणजे २०२० साली आलेली, जेसन हेहिर यांनी दिग्दर्शित केलेली ‘द लास्ट डान्स’ ही दहा भागांची माहितीपट-मालिका. शिकागोच्या १९९७-९८च्या हंगामात संघासोबत फिरलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले चित्रण तिच्या मुळाशी आहे. जॉर्डनची स्वतःची कंपनी निर्मितीत सहभागी होती, यावर केन बर्न्स यांच्यासारख्या माहितीपटकाराने उघड आक्षेप घेतला होता. तो आक्षेप योग्यच आहे, पण मला मालिकेची रचना त्याहून बोलकी वाटते. मालिका जॉर्डनच्या अपयशांना टाळत नाही. १९९४ साली बास्केटबॉल सोडून तो बर्मिंगहॅमच्या दुय्यम संघाकडून बेसबॉल खेळायला गेला आणि त्याची फलंदाजीची सरासरी .२०२ राहिली, हे ती सविस्तर सांगते. जुगाराचे वाद सांगते, सहकाऱ्यांना त्याने दिलेला जाच सांगते. वॉशिंग्टनला मात्र कथानकात जागा मिळत नाही. बेसबॉलला मिळते, कारण त्या अपयशानंतर आणखी तीन विजेतेपदे आहेत. पुढे उभारी असेल, तर मधल्या पडण्याला कथेत मान असतो. ज्या पडण्यानंतर काहीच नाही, त्याचे काय करायचे हे या कथनप्रकाराला माहीत नाही.

दुसऱ्या बाजूला मायकेल लेही यांचे २००४ सालचे ‘व्हेन नथिंग एल्स मॅटर्स’ हे पुस्तक आहे. लेही ‘वॉशिंग्टन पोस्ट’साठी याच दोन हंगामांचे वार्तांकन करत होते. सुजलेला गुडघा, प्रशिक्षक डग कॉलिन्स यांच्याशी ताणाचे प्रसंग, तरुण सहकाऱ्यांना ऐकावी लागलेली बोलणी, दबकून वागणारे पत्रकार, आणि शेवटी संघमालक एब पोलिन यांनी २००३च्या मे महिन्यात जॉर्डनला पुन्हा व्यवस्थापनात न घेता दाखवलेला दरवाजा, हे सगळे या पुस्तकात येते. मालिका आणि पुस्तक एकापाठोपाठ घेतले, की आपण दोन वेगळ्या माणसांविषयी ऐकतो आहोत असे वाटू लागते. मालिकेतल्या माणसाला शेवट आहे. पुस्तकातल्या माणसापाशी फक्त उद्याचा सामना आहे. मालिका जगभर पाहिली गेली. पुस्तकाचे नाव जॉर्डनच्या निस्सीम चाहत्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. या दोहोंच्या मध्ये डेव्हिड हॅल्बरस्टॅम यांचे ‘प्लेइंग फॉर कीप्स’ हे चरित्र आहे. दुसऱ्या निवृत्तीच्या सुमारास, १९९९ साली, ते निघाले. आता सगळे संपले आहे अशा समजुतीवर ते उभे आहे, आणि चरित्रनायकाने दोन वर्षांत ती समजूत मोडली. जिवंत माणसाच्या चरित्रातला हा धोका लेखक पत्करतो. चाहत्याला तो पत्करायचा नसतो.

संघ बदलला की चाहत्याची पंचाईत आणखी वाढते. एरवी आपले प्रेम जर्सीवर आहे की ती घालणाऱ्या देहावर, हे त्याला ठरवावे लागत नाही. दोन्ही एकत्रच असतात. याच सुमाराला ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क या दोन शहरांना ते ठरवावे लागले. लागोसमध्ये जन्मलेला हकीम ओलाजुवॉन ह्यूस्टन रॉकेट्सकडून १७ हंगाम खेळला आणि १९९४ व १९९५ची विजेतेपदे त्याने शहराला मिळवून दिली. २००१च्या ऑगस्टमध्ये तो टोरंटोला गेला. तिथे ६१ सामन्यांत त्याची सरासरी ७.१ गुण राहिली आणि पाठीच्या दुखण्याने कारकीर्द संपली. पॅट्रिक युइंग न्यूयॉर्क निक्सकडून १५ हंगाम खेळला. त्याला विजेतेपद मिळाले नाही, कारण १९९४च्या अंतिम फेरीत सात सामन्यांच्या झुंजीनंतर ते ओलाजुवॉनने नेले. २००० साली तो सिॲटलला, पुढच्या वर्षी ऑर्लँडोला गेला. शेवटच्या हंगामात त्याची सरासरी सहा गुण होती. एका दशकाच्या दोन उंचच उंच माणसांनी २००२ साली निरोप घेतला, दोघांनीही परक्या गावच्या कपड्यांत.

ह्यूस्टनला टोरंटोतला ओलाजुवॉन आठवत नाही. न्यूयॉर्कला सिॲटलमधला युइंग आठवतो, पण तो २००१च्या फेब्रुवारीत मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पाहुण्या संघातून आला त्या एका रात्रीपुरता. प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले. हे प्रेक्षक विरोधी संघाच्या खेळाडूसाठी उभे राहिले होते, आणि त्यांना तो विरोधी वाटत नव्हता. जर्सी आणि देह वेगळे झाल्यावर चाहता बहुधा जर्सीबरोबर राहतो आणि देहाची हुरहुर बाळगतो. ही हुरहुर सोसण्याचा सोपा उपाय म्हणजे तो परका हंगाम घडलाच नाही असे धरून चालणे. जॉर्डनच्या बाबतीत हा उपाय लगेच पटतो, कारण शिकागोचा लाल रंग आणि २३ हा आकडा हे त्याच्या देहाचाच भाग झाले होते. निळ्या जर्सीवरचा २३ हा आकडा अनेकांना नक्कल वाटला.

या सगळ्याला मराठीत काय म्हणायचे, याचा विचार करताना एक गोष्ट जाणवते. खेळाडूच्या भराच्या काळाला इंग्रजी चाहते ‘प्राइम’ म्हणतात आणि त्यानंतर तो ‘वॉश्ड’ होतो, म्हणजे धुतल्या कापडासारखा रंग उडालेला, कामातून गेलेला. आपण ‘उतरती कळा लागली’ म्हणतो. यातली कळा चंद्राची आहे. चंद्राच्या उतरत्या कळेत चंद्र बिघडत नाही. प्रकाशाचा भाग कमी होतो आणि त्याचा आकार रोज वेगळा दिसतो. अष्टमीचा चंद्र हा पौर्णिमेच्या चंद्राची खराब प्रत आहे असे कोणी म्हणत नाही. खेळाडूला मात्र पुन्हा पौर्णिमा नाही, म्हणून हे रूपक पुरते लागू होत नाही. तरीही ‘वॉश्ड’पेक्षा ते पाहणाऱ्याला जास्त पाहू देते, एवढे खरे.

अर्थात, मराठी माणसाच्या डोक्यात खेळाडूच्या निवृत्तीविषयी एक पक्के माप आहे आणि ते क्रिकेटमधून आले आहे. ‘का जातोस’ असे लोक विचारत असतानाच जावे, ‘का जात नाहीस’ असे विचारू लागेपर्यंत थांबू नये, हे वचन विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितले जाते. मर्चंट स्वतः १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा करून थांबले. त्यांच्यापुरते ते शोभले. पण हळूहळू आपण त्याचा नियम केला, आणि तो दुसऱ्यांच्या आयुष्याला लावू लागलो. हा नियम प्रेक्षकाच्या सोयीचा आहे. खेळ ज्याच्या हातापायांत आहे त्याला, केवळ आपल्या आठवणीची घडी मोडू नये म्हणून, तो सोडून द्यायला सांगण्यासारखेच हे आहे.

साहित्यसमीक्षेकडे या ठिकाणी एक तयार संकल्पना आहे. एडवर्ड सईद यांचे ‘ऑन लेट स्टाइल’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, २००६ साली आले. बीथोव्हनच्या उत्तरकाळावरच्या आडोर्नोच्या विवेचनातून सुरुवात करून सईद म्हणतात, की काही कलावंतांच्या अखेरच्या कृतींत परिपक्वता आणि समेट नसतो. उलट तिथे हट्ट असतो, न सुटलेली भांडणे असतात. वॉशिंग्टनमधल्या जॉर्डनला हे वर्णन चपखल बसते असे प्रथम वाटते. पूर्वी तो बास्केटपर्यंत झेपावायचा. आता झेप कमी झाली होती, म्हणून तो पाठीने प्रतिस्पर्ध्याला रेटत जायचा, खांद्याने खोटी हूल द्यायचा आणि मागे झुकत चेंडू सोडायचा. हा मागे झुकून मारलेला फटका शिकागोच्या शेवटच्या वर्षांतही होता, पण तेव्हा तो अनेक हत्यारांपैकी एक होता. वॉशिंग्टनमध्ये बराचसा खेळ त्याच्यावरच चालला. कमी साधनांत केलेली ही रचना मन लावून पाहण्यासारखी आहे. शार्लटविरुद्धचे ५१ गुण हे १९९०च्या जॉर्डनचे नव्हेत. त्यांत पल्ला कमी आणि हिशेब जास्त आहे.

पण ही संकल्पना खेळाला जशीच्या तशी लावता येत नाही, आणि ती कुठे अडते हे महत्त्वाचे आहे. बीथोव्हनच्या हट्टाची किंमत दुसऱ्या संगीतकाराला मोजावी लागली नाही. बास्केटबॉल पाच जणांचा खेळ आहे. एकाने चेंडू हातात ठेवला, तर चौघांच्या हातात तो नसतो. क्वामे ब्राउन या मुलाला जॉर्डनच्याच व्यवस्थापनाने २००१ साली शाळेतून थेट, पहिल्या क्रमांकाने निवडले होते. त्या मुलाला स्वतःच्या दैवताकडून काय ऐकावे लागले, हे लेहींच्या पुस्तकात वाचताना अंगावर येते. २४ वर्षांच्या रिचर्ड हॅमिल्टनला २००२ साली डेट्रॉइटला देऊन टाकले; दोन वर्षांत तो तिथे विजेता झाला. त्याच्या बदल्यात आलेला जेरी स्टॅकहाउस लहानपणापासून जॉर्डनला मानत होता, त्याच्याच विद्यापीठात शिकला होता. आपण वॉशिंग्टनला गेलोच नसतो तर बरे झाले असते, अशा अर्थाचे तो २०२० साली बोलला. एकत्र खेळल्याने मनातला आदर काहीसा ओसरला, असेही त्याने सांगितले.

म्हणून वॉशिंग्टनच्या वर्षांचा उलटा गौरव करणे, म्हातारपणीची थोर झुंज वगैरे म्हणून त्यांना आरतीत ओवणे, हाही पाठ गाळण्याचाच प्रकार ठरतो. त्यात स्टॅकहाउस गळतो, ब्राउन गळतो. ‘धरायची नाहीत’ म्हणणारा चाहता निदान एवढे प्रामाणिकपणे मान्य करतो, की तिथे काही तरी बिघडले होते. त्याच्या बाजूने आणखीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. चाहत्याने तिकीट काढून पंधरा-वीस वर्षे या देहाला पाहिलेले असते. तो देह जेव्हा तोल गेल्यासारखा उतरतो, तेव्हा चाहत्याला स्वतःची वर्षे दिसतात. तोंड फिरवण्यात क्रूरता असतेच असे नाही, अनेकदा ती लाज असते. आजारी वडीलधाऱ्या माणसाच्या खोलीत न जाणाऱ्या पुतण्यासारखी. ती समजून घेता येते. पण त्या पुतण्यालाच घराचा इतिहास लिहायला बसवले, तर त्या खोलीचे दार त्यात येणार नाही.

अनुवादकाचे काम करताना एक शिस्त अंगवळणी पडते. मूळ लेखकाचे शेवटचे प्रकरण सैल आहे, पुनरुक्त आहे, आधीच्या उंचीला पोचत नाही, हे दिसत असते. ते वगळले तर पुस्तक सुबक होईल, हेही दिसत असते. तरी ते करायचे नसते, कारण पुस्तक कुठे संपते हे ठरवण्याचा अधिकार आपला नाही. ते प्रकरण कमकुवत आहे असे प्रस्तावनेत म्हणता येते. ते नव्हतेच असे म्हणता येत नाही. चाहत्यांकडून अपेक्षा इतकीच आहे.

वॉशिंग्टनच्या जॉर्डनला सुबक शेवट देण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. ९ फेब्रुवारी २००३ रोजी अटलांटात ऑल-स्टार सामना झाला. व्हिन्स कार्टरने सुरुवातीच्या पाचांतली आपली जागा त्याला दिली, मध्यंतरात मराया केरीने त्याच्या सन्मानार्थ गाणी म्हटली. जादा वेळेत ४.८ सेकंद उरले असताना त्याने तोच मागे झुकलेला फटका शॉन मॅरियनच्या हातावरून मारला आणि पूर्वेचा संघ दोन गुणांनी पुढे गेला. आणखी एक शेवटचे छायाचित्र तयार झाले होते. तेवढ्यात त्याच्याच संघाच्या जर्मेन ओ’नीलने कोबी ब्रायंटला फाउल केले, ब्रायंटने तीनपैकी दोन फ्री थ्रो टाकून बरोबरी साधली आणि दुसऱ्या जादा वेळेत पश्चिमेने सामना १५५-१४५ असा घेतला. ज्याचा निकाल कोणी मनाला लावून घेत नाही, असा प्रदर्शनी सामनादेखील त्याला शेवट देऊ शकला नाही.

खरा शेवट १६ एप्रिल २००३ रोजी फिलाडेल्फियात झाला. शहर त्याचे नव्हते आणि वॉशिंग्टन मोठ्या फरकाने हरत होते. चौथ्या क्वार्टरमध्ये तो बाकावर बसला होता. परके प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करू लागले आणि थांबेनात. शेवटी तो उठला. वेळ संपत आली तेव्हा फिलाडेल्फियाच्या एरिक स्नोने त्याला मुद्दाम फाउल केले. त्यामुळे घड्याळ थांबले आणि जॉर्डनला फ्री थ्रोच्या रेषेवर एकट्याने उभे राहायला मिळाले. त्याने दोन्ही टाकले. त्या दिवशीचे त्याचे गुण पंधरा झाले, कारकिर्दीचे ३२,२९२. मग तो बाहेर गेला आणि दोन्ही संघांचे खेळाडू उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. वॉशिंग्टन १०७-८७ असे हरले.

या रात्रीचे छायाचित्र फारसे कोणी भिंतीवर लावत नाही. फ्री थ्रोत झेप नसते, प्रतिस्पर्धी नसतो. पण ज्या प्रेक्षकांचे त्याच्याशी काहीही देणेघेणे नव्हते, त्यांनी त्या रात्री हरणाऱ्या संघातल्या चाळिशीच्या खेळाडूला मैदानात परत बोलावले होते. १९९८ तिथेच संपले असते तर बरे झाले असते, असे त्यांच्यापैकी कोणी ओरडले नाही. समोर जो उभा होता त्याला ते पाहत होते.